लाकडी ड्रॅगन नौकेची मालकी आणि तिच्या रचनेचा शोध

शिडाची जुनी शर्यती नौका बाळगणे हे हौशी माणसाचे काम आणि तिच्या रचनेचा अभ्यास करणे हे विद्वानाचे काम, अशी विभागणी दुरून पाहणाऱ्याला स्वाभाविक वाटते. ज्याने अशी नौका काही हंगाम स्वतः सांभाळली आहे त्याच्या दृष्टीने मात्र या विभागणीला फारसा अर्थ उरत नाही, कारण नौकेच्या लाकडाला हत्यार लावायचे म्हटले की दर वेळी रचनेविषयीचा एखादा प्रश्न आडवा येतो आणि तो सोडवल्याखेरीज काम पुढे सरकत नाही. सडलेली फळी बदलायची तर तिची मूळ जाडी किती होती, ती कोणत्या लाकडाची होती आणि ती आज जिथे बसली आहे तिथेच पूर्वीही बसत होती की मधल्या काळात सांगाडाच हलला आहे, हे आधी ठरवावे लागते. योहान अँकर या नॉर्वेजियन नौकारचनाकाराने १९२९ मध्ये आखलेल्या ड्रॅगन वर्गाच्या लाकडी नौका या दृष्टीने विशेष अभ्यासण्यासारख्या आहेत. या वर्गाच्या शर्यती आजही नियमित होत असल्यामुळे जुन्या ड्रॅगनचा मालक हा चालू खेळातला स्पर्धक असतो आणि त्याच वेळी जवळपास शंभर वर्षांच्या एका आराखड्याचा राखणदारही असतो. या दोन भूमिकांचा मेळ कसा घालायचा, हाच त्याच्या कामाचा गाभा ठरतो.

ड्रॅगनची रचना समजून घ्यायची तर अँकर त्याआधी काय करत होते हे पाहावे लागते. १८७१ मध्ये जन्मलेल्या अँकर यांनी ख्रिस्तियान येन्सन या कुशल नौकाबांधकाबरोबर अँकर आणि येन्सन ही पेढी सुरू केली आणि ऑस्लोजवळच्या फ्योर्डच्या काठी व्हॉलन येथील या पेढीच्या कारखान्यातून अनेक उत्तम शर्यती नौका बाहेर पडल्या. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये १२ मीटर वर्गात सुवर्णपदक मिळवणारी ‘माग्दा ९’ आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये ६ मीटर वर्गात युवराज ओलाव यांच्यासह सुवर्णपदक मिळवणारी ‘नोर्ना’ या दोन्ही नौकांवर अँकर स्वतः होते. हे मीटर वर्ग १९०७ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाने चालत असत. त्या नियमात लांबी, घेर, पाण्यावरील कठड्याची उंची आणि शिडाचे क्षेत्रफळ यांची एका सूत्रात मांडणी केलेली असे आणि त्या सूत्राचे उत्तर ६ किंवा १२ यावे एवढीच अट असे. ६ मीटर वर्गाची नौका ६ मीटर लांब नसून बरीच मोठी असते, ती यामुळेच. अशा नियमात रचनाकाराला एक माप वाढवून दुसरे कमी करण्याची मुभा राहते, त्यामुळे दरवर्षी नवी आणि अधिक वेगवान रचना जन्माला येते, जुनी नौका मागे पडते आणि हा खेळ श्रीमंतांच्या हाती जातो.

स्वीडनमधील गोथेनबर्गच्या रॉयल यॉट क्लबने रचनास्पर्धा जाहीर केली ती याच्या नेमकी उलट अपेक्षा ठेवून. तरुणांना परवडेल, स्कँडिनेव्हियातील बेटाबेटांच्या किनारी पाण्यात शर्यतीला चालेल आणि सुटीच्या दिवसांत दोघांना आत झोपून लहानसा प्रवास करता येईल, अशी स्वस्त नौका हवी होती. अँकर यांनी त्यासाठी ड्रॅगन आखली आणि ती एकरूप वर्गाची नौका ठरली. एकरूप वर्ग म्हणजे ज्यात सर्व नौका एकाच आराखड्यावरून, ठरलेल्या मापांच्या आणि ठरलेल्या सवलतीच्या, म्हणजे मापांत चालणाऱ्या थोड्या फरकाच्या, आत बांधल्या जातात, म्हणजे शर्यतीत पैशाचा आणि नव्या रचनेचा फायदा कमी राहून नौका हाकणाऱ्याचे कसब अधिक मोजले जाते. मालकाने हा हेतू नीट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे घ्याव्या लागणाऱ्या बहुतेक निर्णयांचा निकष त्यातूनच निघतो.

मापांच्या भाषेत ड्रॅगन ८.९० मीटर लांब आणि सुमारे १.९५ मीटर रुंद आहे. पाण्याखाली ती १.२० मीटर खोल जाते आणि तिचे वजन सुमारे १,७०० किलो भरते, ज्यातले जवळजवळ १,००० किलो तळाच्या ओतीव लोखंडी कीलमध्ये, म्हणजे नौकेला उलटू न देणाऱ्या भारात असते. एवढ्या लांब नौकेचा पाण्याला टेकलेला भाग मात्र उभ्या स्थितीत सुमारे ५.७ मीटरच असतो. नाळ आणि पिछाडी ही दोन्ही टोके पाण्याच्या वर तिरपी पुढे-मागे झुकलेली असतात. या झुकलेल्या टोकांचे सौंदर्य सगळ्यांच्या डोळ्यांत भरते, पण त्यांचे कार्य समजण्यासाठी नौकेच्या वेगाची मर्यादा समजून घ्यावी लागते. पाणी कापत जाणारी जड नौका पुढे एक लाट आणि मागे एक लाट उठवते आणि या दोन लाटांमधले अंतर पाण्याला टेकलेल्या लांबीएवढे झाले की आणखी वेगासाठी तिला स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढावे लागते, जे तिच्या वजनाला जमत नाही. ५.७ मीटर लांबीसाठी ही मर्यादा जेमतेम ५.८ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी पावणेअकरा किलोमीटरच्या जवळपास येते. वाऱ्याने नौका कलली की झुकलेल्या टोकांचा काही भाग पाण्यात उतरतो, पाण्यातली लांबी वाढते आणि मर्यादाही थोडी वर सरकते. म्हणून ड्रॅगन कललेल्या अवस्थेत धावण्यासाठी आखलेली नौका आहे, आणि तिची टोके ज्या रेषांनी मधल्या पोटाला मिळतात त्या रेषा जराशा बिघडल्या तरी तिच्या चालीत फरक पडतो.

हा मूळ आराखडा तसाच राहिला असता तर मालकाचे संशोधन सोपे झाले असते. तसे झाले नाही, कारण वर्गाचे नियम काळाप्रमाणे बदलत गेले. सुरुवातीच्या ड्रॅगनचे पुढचे शीड, म्हणजे जिब, लहान होते आणि आत झोपण्याच्या दोन जागांसाठी केबिन होती. दुसऱ्या महायुद्धानंतर डोलकाठीच्या मागेपर्यंत जाणारे जेनोआ नावाचे मोठे पुढचे शीड आले, शर्यतीच्या कामाला प्राधान्य मिळाले आणि झोपण्याच्या जागा व्यवहारात मागे पडल्या. आजच्या नौकेवर मुख्य शीड आणि जेनोआ मिळून सुमारे २७.७ चौरस मीटर कापड असते आणि वाऱ्यासोबत जाताना त्यात स्पिनेकर या फुगीर शिडाची भर पडते. १९४८ ते १९७२ या काळात ड्रॅगन हा ऑलिंपिक वर्ग होता. टॉर्कीजवळ १९४८ मध्ये आणि हेलसिंकीत १९५२ मध्ये नॉर्वेच्या थोर थोरवाल्सन यांनी, नेपल्समध्ये १९६० मध्ये ग्रीसचे युवराज कॉन्स्टंटाइन यांनी आणि कील येथे १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन क्युनियो यांनी सुवर्णपदक मिळवले, आणि या चुरशीमुळे नियमात बसेल एवढा प्रत्येक बारीक फायदा शोधला जाऊ लागला. पुढे लाकडी डोलकाठीची जागा धातूच्या डोलकाठीने घेतली आणि १९७३ पासून फायबरग्लासच्या ड्रॅगन बांधल्या जाऊ लागल्या. डेन्मार्कमधील वायले येथील बॉर्गे बोरेसन यांच्यासारखे बांधकाम करणारे स्वतः शर्यतीत उतरत, त्यामुळे रेखाटनावरचा विचार आणि पाण्यावरचा पडताळा त्यांच्या ठायी एकत्र आले आणि आराखड्यातील सवलतीच्या मर्यादेत नौकेचा आकार कसा सुधारता येतो याचे ज्ञान वाढत गेले.

अशा स्थितीत लाकडी ड्रॅगन विकत घेणाऱ्याला पहिले काम करावे लागते ते नौकेची ओळख पटवण्याचे. शिडावर वर्गाचे अक्षर, देशाचे अक्षर आणि क्रमांक असा जो संकेत लावलेला असे त्यावरून शोध सुरू होतो. इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप यांना लग्नानिमित्त भेट मिळालेल्या आणि १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या ‘ब्लूबॉटल’चा संकेत डीके १९२ असा होता. देश बदलला की क्रमांक बदलतो, मालक बदलला की नावही अनेकदा बदलते, म्हणून एवढ्यावर विसंबता येत नाही. बांधकाम करणाऱ्याची पितळी पट्टी, लाकडात कोरलेला क्रमांक, वर्गाचे मोजमाप प्रमाणपत्र, जुन्या क्लबांच्या वार्षिक पुस्तकांतील शर्यतींचे निकाल आणि त्या काळची छायाचित्रे एकमेकांशी जुळवून पाहावी लागतात. हे साधनसाहित्य अनेकदा परस्परविरोधी असते आणि तेव्हा मालकाला इतिहासकाराची शिस्त पाळावी लागते, म्हणजे नौकेविषयी ऐकीव असलेली गौरवाची गोष्ट कितीही प्रिय वाटली तरी लिखित पुरावा किंवा लाकडातला पुरावा मिळेपर्यंत ती खरी मानता येत नाही.

दुसरे काम मोजमापाचे असते आणि खरे शिक्षण इथून सुरू होते. नौकेचा आकार कागदावर तीन दृश्यांत मांडतात: बाजूने दिसणारे, वरून दिसणारे आणि समोरून घेतलेल्या आडव्या छेदांचे. लांबीवर ठरावीक अंतराने घेतलेल्या प्रत्येक छेदाला स्थानक म्हणतात आणि प्रत्येक स्थानकावर मध्यरेषेपासूनचे अंतर आणि उंची यांचा तक्ता दिलेला असतो. बांधणारे लोक हा तक्ता जमिनीवर पूर्ण आकारात रेखाटून त्यावरून साचे काढतात. मालकाला याच प्रवासाची उलट वाट धरावी लागते: नौका आधारांवर पातळीत बसवून, दोरी ताणून मध्यरेषा निश्चित करून, ओळंबा सोडून आणि लाकडी पट्ट्यांचे साचे लावून तो प्रत्येक स्थानकाचे माप घेतो आणि ते रेखाटनावर चढवतो. दोन रेषा जिथे एकमेकींपासून दूर जातात तिथे तीन शक्यता असतात. तो फरक बांधणाऱ्याने सवलतीच्या आत मुद्दाम ठेवलेला असेल, काळाच्या ओघात लाकूड वाकल्यामुळे झालेला असेल किंवा एखाद्या जुन्या दुरुस्तीतून आलेला असेल. या तिन्ही शक्यतांवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्या फरकाला जपायचे असते, दुसऱ्याला सावकाश मूळ जागी आणायचे असते आणि तिसऱ्याला अनेकदा काढून टाकायचे असते.

ड्रॅगनच्या बाबतीत दुसरी शक्यता फार महत्त्वाची आहे. मध्यभागी एक टन लोखंड लटकलेले, डोलकाठी खाली दाबणारी आणि तिला ताठ ठेवणारे तारेचे दोर दोन्ही टोकांना वर ओढणारे, असे जोर वर्षानुवर्षे लागले की सांगाडा हळूहळू आकार बदलतो. हिवाळ्यात नौका चुकीच्या आधारांवर ठेवली तर उलट दिशेचा बाक येतो आणि लांब झुकलेली टोके खाली उतरतात. त्यामुळे मूळ रेखाटन आणि समोरची नौका यांच्यातले अंतर वाचता येणे ही कौशल्याची बाब होते आणि ती पुस्तकातून मिळत नाही. एका हिवाळ्यात आधार हलवून पुढच्या हिवाळ्यात तीच मापे पुन्हा घेतल्यावर ती अंगी येते.

तिसरे काम लाकूड उघडण्याचे. ड्रॅगनच्या बाजूच्या फळ्या कडेला कड लावून, गुळगुळीत पृष्ठभाग राहील अशा बसवलेल्या असतात. त्यांच्या आत वाफेने मऊ करून वाकवलेल्या ओकच्या बारीक बरगड्या आणि सर्वांत खाली नौकेचा कणा असतो. फळ्या महोगनीच्या, ओरेगॉन पाइनच्या किंवा अन्य लाकडाच्या असतात आणि त्यावरून ती कोणत्या कारखान्यात, कोणत्या काळात बांधली गेली याचा अंदाज बांधता येतो. ओकमध्ये टॅनिक आम्ल असल्यामुळे लोखंडी खिळे आणि बोल्ट त्यात गंजतात, गंजाबरोबर भोवतालचे लाकूडही मरते आणि बाहेरून चकचकीत वॉर्निश असलेल्या नौकेत आतून धरायला काहीच उरलेले नसते. कील धरून ठेवणारे बोल्ट बाहेर काढून पाहणे हे त्यामुळे टाळता न येण्यासारखे काम आहे. मधल्या भागात ते झिजून बारीक झालेले असतात आणि डोके मात्र शाबूत दिसते. या कामात जुन्या दुरुस्त्यांची पूर्ण परंपरा उलगडत जाते: खिळ्यांची अधिकची भोके, जोडून बसवलेल्या बरगड्या, रंगाचे थर, केबिन कापल्याच्या खुणा. मालकाला हवी असलेली बरीचशी माहिती इथे मिळते आणि ती एकदाच मिळते, कारण काढून टाकलेले लाकूड जळणात गेले की तो पुरावा कायमचा गेला.

या तीन कामांनंतर खरा निर्णय घ्यावा लागतो: नौका कोणत्या काळात परत न्यायची? १९३५ मध्ये बांधलेली, १९५० च्या सुमारास जेनोआ चढलेली आणि पुढे धातूची डोलकाठी बसवलेली ड्रॅगन असेल तर या तिन्ही अवस्था तिच्या आयुष्यातल्या खऱ्या अवस्था आहेत, आणि सर्वांत जुनी अवस्था तीच सर्वांत अस्सल असे मानण्याला काही आधार नाही. अनुभवी मालक याबाबत दोन कसोट्या लावतात. पहिली कसोटी अशी की मापे आणि आकार, म्हणजे रचनाकाराने ठरवलेले अंग, यांना हात लावायचा तो मूळ रेखाटनाच्या दिशेनेच. बसवलेली साधने, दोर, शिडे ही काळानुसार बदलणारी अंगे आहेत आणि ती शर्यतीच्या गरजेप्रमाणे बदलली तरी नौका तीच राहते. दुसरी कसोटी अशी की कोणताही बदल पुढच्या माणसाला उलटवता आला पाहिजे. सर्व फळ्या इपॉक्सी गोंदाने एकत्र जखडून टाकल्या तर नौका काही वर्षे कोरडी आणि ताठ राहते, परंतु पुढे एखादी फळी वेगळी काढून दुरुस्त करण्याचा मार्ग बंद होतो. याउलट पारंपरिक सांधे असलेली नौका वसंत ऋतूत पाण्यात उतरवल्यावर लाकूड फुगून सांधे बसेपर्यंत गळते, पंप चालवावा लागतो आणि तरीही ती दुरुस्तीयोग्य राहते. सुरक्षिततेचा भाग मात्र या दोन्ही कसोट्यांच्या वर ठेवला पाहिजे, कारण ड्रॅगनचा कठडा ठेंगणा आहे आणि पाण्याने भरलेली जुनी नौका तळाच्या लोखंडासह बुडते. तिला तरंगती ठेवणारी हवाबंद साधने मूळ आराखड्यात नसली तरी ती बसवणे हे मालकाचे कर्तव्यच आहे.

या साऱ्या संशोधनाचा पडताळा पाण्यावर होतो. लांब कील आणि तिच्या मागच्या कडेला जोडलेले सुकाणू यामुळे ड्रॅगन हलक्या आधुनिक नौकेसारखी चटकन वळत नाही. वाऱ्याच्या रोखाने चढताना तिला वेग गमावू न देता सावकाश फिरवावे लागते आणि एकदा वेग आला की जडपणामुळे ती तो लाटांतूनही राखते. डोलकाठीचा पाया बोटभर पुढे-मागे केला की सुकाणूवरचा भार बदलतो, आणि हा भार हाताला कळतो तेव्हा शिडाच्या क्षेत्रफळाचे केंद्र आणि पाण्याखालच्या बाजूचे केंद्र यांच्यातल्या ज्या अंतराचा हिशोब अँकर यांनी रेखाटनावर केला होता तो मालकाला शरीराने समजतो. ज्याने नौकेचा वाकलेला सांगाडा पुन्हा आपल्या रेषेत आणला आहे त्याला कललेल्या नौकेची चाल सुधारलेली जाणवते, आणि ज्याने नुसता रंग दिला आहे त्याला ती जाणवत नाही. पाण्यावरचा हा पडताळा कागदावरच्या अनुमानाइतकाच गांभीर्याने नोंदवला पाहिजे: वारा किती होता, डोलकाठीचा कल किती होता, दोर किती ताणले होते आणि नौकेने त्याला काय प्रतिसाद दिला.

या अनुभवातून एक विचार ठामपणे मांडता येतो. ड्रॅगन तरुणांना परवडावी म्हणून आखली गेली, आणि आज नव्या ड्रॅगनची किंमत त्या हेतूपासून फार दूर गेली आहे. उलट जुन्या लाकडी ड्रॅगन अनेक ठिकाणी कमी पैशांत मिळतात, कारण त्यांना लागणारी मेहनत लोकांना नको असते. म्हणून स्वतःच्या हातांनी काम करण्याची तयारी असलेल्या माणसासाठी मूळ हेतू अजूनही जिवंत आहे. पण हे काम रचना न समजता केले तर दहा-पंधरा दुरुस्त्यांत नौका नावापुरती उरते आणि तिच्यातला अँकर यांचा विचार पुसला जातो. संग्रहालयातली रेखाटने हेतू सांगतात, नियमपुस्तिका मर्यादा सांगते, आणि त्या मर्यादेत बांधणाऱ्यांनी, खलाशांनी व काळाने काय केले हे प्रत्यक्ष नौकाच सांगते. या तिन्ही साधनांचा एकत्रित अभ्यास करण्याची संधी आणि जबाबदारी मालकाइतकी दुसऱ्या कोणाचीच नाही.

म्हणून जुनी शर्यती नौका ज्याच्या हाती येईल त्याने करवत उचलण्यापूर्वी मोजपट्टी उचलावी, काढलेल्या प्रत्येक भागाचे माप, छायाचित्र आणि कारण लिहून ठेवावे, आणि ती वही नौकेबरोबर पुढच्या मालकाला द्यावी. नौकेचे लाकूड कधी ना कधी पुन्हा बदलावेच लागणार आहे. तेव्हा तिची रचना टिकेल की नाही हे त्या वहीवर अवलंबून राहील.